इंजिनिअर म्हणवून घ्यायला परवाना लागतो काय?

(शिवाजी पेठ, कोल्हापूर येथे शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की, हा प्रश्न शहरातल्या लोकांचा आहे. ऊस, भात, भाजीपाला पिकवणाऱ्यांचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे आणि तो थेट आपल्या खिशाशी आहे. कधी कधी तर जिवाशीही आहे. विहिरीवर मोटर बसवताना, नदीवरून पाइपलाइन आणताना, ठिबक संच घेताना, शेततळे खोदताना किंवा गोठ्यावर स्लॅब टाकताना आपल्यापुढे सल्ला देणारा कोणीतरी उभा असतो. एखाद्याच्या कार्डावर ‘इंजिनिअर’ असे छापलेले असते. दुसऱ्याला सारा गाव नुसता ‘मेस्त्री’ म्हणून ओळखतो. कार्डावर छापले म्हणजे माणूस इंजिनिअर होतो काय? आणि कार्ड नाही म्हणून मेस्त्रीला इंजिनिअर म्हणूच नये काय? कोणाचे ऐकावे आणि कोणाची सही घ्यावी, हे ज्याला कळत नाही त्याचे पैसे पाण्यात जातात.

उत्तर आधीच सांगून टाकतो. आपल्या देशात ‘इंजिनिअर’ हे नाव लावण्यासाठी परवाना लागत नाही. मात्र इंजिनिअरची काही ठरावीक कामे करण्यासाठी परवाना लागतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची गल्लत झाली की फसगत होते. ती कशी टाळावी, हे आज पाहू.

मेस्त्रींचे कोल्हापूर

हा विषय कोल्हापुरात बोलायला जरा धाडसच लागते, कारण हे शहर मेस्त्रींच्या हातावर उभे राहिले आहे. उद्यमनगरातल्या भट्ट्या, लेथ, ऑइल इंजिने, उसाचे चरक यांनी पश्चिम महाराष्ट्राच्या शेतीचा चेहरा बदलला. मोट जाऊन इंजिन आले. त्यात सुतार, लोहार आणि कातारी यांच्या हातच्या कसबाचा वाटा फार मोठा आहे. म्हादबा मेस्त्री यांचे नाव येथील यंत्रउद्योगाच्या आरंभीच्या काळासंबंधी आजही आदराने घेतले जाते.

येथून जवळच, खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे. ज्यांच्या कामाची ती आठवण आहे ते बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्रीच. घराण्याचे आडनावच ते. १८९० साली कोल्हापुरात जन्मलेल्या या माणसाने सहकाऱ्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा येथेच तयार केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. कॅमेरा म्हणजे बारीक दात्यांचे, अचूक वेळ साधणारे यंत्र. ते करणाऱ्याला इंजिनिअरची पदवी कोणी दिली नव्हती आणि कोणी मागितलीही नाही. चित्र पडद्यावर हलले, एवढे प्रमाणपत्र पुरेसे झाले.

दुसरे उदाहरण आपल्या शेताच्या अधिक जवळचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला गेले ते चित्रकला शिकण्यासाठी. रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्याने त्यांनी यांत्रिक रेखाटनाकडे मोर्चा वळवला आणि पुढे ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत तोच विषय शिकवू लागले. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १८८८ साली बेळगावात सायकलीचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, १९०३ साली लोखंडी नांगर आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी, असा त्यांचा प्रवास झाला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या वेळी अनेकांची समजूत होती. नांगर विकायला फार दिवस लागले. पण अखेर शेतकऱ्याने नांगर रानात धरून पाहिला, तास कसा पडतो ते पाहिले आणि मगच पैसे मोजले.

या दोन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. वस्तू समोर होती. ती चालते की नाही, हे गिऱ्हाइकाला स्वतः पाहता येत होते. नाही चालली तर नुकसान एका नांगराचे. अशा ठिकाणी काम हाच परवाना असतो. आपला गुळव्या घ्या. पाक पाण्यात टाकून बोटांत गोळी धरली की काहील कधी उतरवायची हे त्याला कळते. तापमापक लावून पाहिले तर तो ११८ अंश सेल्सिअसच्या आसपासचाच क्षण पकडत असतो. गुळव्याला परवाना कोणी विचारत नाही, कारण त्याची परीक्षा बाजारात सौद्याच्या वेळी होतेच.

कायदा काय सांगतो?

डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल, औषध दुकानातला फार्मासिस्ट, गुरांचा डॉक्टर या सर्वांसाठी देशभर लागू असलेले कायदे आहेत. वकिलांचा कायदा १९६१ चा, पशुवैद्यकांचा १९८४ चा. नोंदवहीत नाव नसेल तर हे व्यवसाय करता येत नाहीत. इंजिनिअरसाठी असा देशव्यापी कायदा आजवर झालेला नाही. तसे मसुदे मात्र वेळोवेळी पुढे आले आहेत.

वास्तुविशारदाचे, म्हणजे आर्किटेक्टचे उदाहरण यात उद्बोधक आहे. त्यांच्यासाठी १९७२ चा कायदा आहे. नोंदणी नसलेल्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेणे हा गुन्हा ठरतो. परंतु २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केले की, हा कायदा नाव वापरण्याला बंदी करतो. इमारतीचा आराखडा करण्याच्या कामाला करत नाही. म्हणजे आर्किटेक्टच्या बाबतीत नाव बंद आणि काम मोकळे. इंजिनिअरच्या बाबतीत नेमके उलटे आहे. नाव मोकळे आणि काही कामे बंद.

नाव मोकळे असण्याला आपल्याकडे इतिहास आहे. रुडकीला १८४७ साली इंजिनिअरिंगचे कॉलेज निघाले ते गंगा कालव्याच्या कामाला माणसे हवी होती म्हणून. पुण्याला १८५४ साली इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला तो सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालची माणसे तयार करावयास. शिकलेला माणूस सरकारी खात्यात जाई. त्याच्यावर खात्याची देखरेख असे, म्हणून वेगळ्या परवान्याची गरज कोणाला भासली नाही. पुढे १९२० साली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था स्थापन झाली आणि १९३५ साली तिला राजाची सनद मिळाली. तिचे पात्र सभासद ‘चार्टर्ड इंजिनिअर’ म्हणवून घेऊ शकतात. कॉलेजची पायरी न चढता, नोकरी करता करता या संस्थेच्या परीक्षा देऊन पुढे आलेले लोकही पुष्कळ आहेत. पण ही सनद म्हणजे सरकारी परवाना नव्हे.

आता कामे पाहा. विजेच्या फिटिंगचे काम परवानाधारक ठेकेदार आणि परवाना असलेला वायरमन यांनीच करावयाचे असते. नवी वीजजोडणी घेताना ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो तो यासाठीच. साखर कारखान्यातला बॉयलर चालवणाऱ्यास परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. महापालिकेच्या हद्दीत बांधकामाच्या नकाशावर नोंदणी असलेल्या तांत्रिक माणसाचीच सही चालते. गुऱ्हाळाच्या चुलवाणावरची काहील उघडी असते, तिच्यात वाफ कोंडली जात नाही, म्हणून तिला बॉयलरचे नियम लागत नाहीत. कोंडलेली वाफ आणि मोकळी वाफ हा फरक लक्षात ठेवा. परवान्याचे सारे मर्म त्यात आहे.

पाण्याच्या नकाशांतून निघालेला परवाना

इंजिनिअरला परवाना हवा, हा विचार अमेरिकेत प्रथम कायद्यात उतरला तो शेतीच्या पाण्यापायी, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. वायोमिंग हे तेथील कमी पावसाचे राज्य. पाटाचे पाणी हवे असल्यास शेतकऱ्याने नकाशा जोडून अर्ज करावयाचा आणि राज्याच्या मुख्य अभियंत्याने तो तपासून मंजुरी द्यावयाची, अशी रीत होती. अर्जांवर इंजिनिअर म्हणून सह्या असत. प्रत्यक्षात त्या वकिलांच्या, दस्त लिहिणाऱ्यांच्या किंवा ज्यांनी कधी मोजणीची साखळी हातात धरली नाही अशांच्या असत. नकाशे चुकीचे निघू लागले. चुकीच्या नकाशाचा अर्थ तुम्ही जाणताच : वरच्याने जास्त पाणी घ्यायचे आणि खालच्याने वाळलेले पीक पाहत बसायचे. म्हणून १९०७ साली त्या राज्याने कायदा केला आणि नोंदणी असल्याशिवाय अशी कामे करण्यास बंदी घातली.

त्याच दशकात इकडे शाहू महाराज राधानगरी धरणाच्या कामाला हात घालत होते. धरणाची परीक्षा नांगरासारखी घेता येत नाही. धरण फोडून कोणी पाहू शकत नाही. खालच्या गावांना भिंतीच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. त्यांना फक्त विश्वास ठेवता येतो.

पाटकऱ्याचा झाला इंजिनिअर

विश्वास कसा आणि किती ठेवावा, याचा धडा अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका राज्याने फार मोठी किंमत देऊन घेतला. विल्यम मुलहॉलंड हा आयर्लंडहून आलेला गरीब तरुण लॉस एंजेलिस शहराच्या पाटावर नोकरीला लागला. त्याचे काम म्हणजे आपल्या पाटकऱ्याचे. पाट साफ ठेवायचा, गवत काढायचे, पाणी वाहते ठेवायचे. रात्री तो पुस्तके वाचून गणित आणि जलशास्त्र शिकला. पुढे तो शहराचा मुख्य पाणी अभियंता झाला. १९१३ साली त्याने सुमारे ३७५ किलोमीटर लांबीचा कालवा पुरा करून डोंगरापलीकडचे पाणी शहरात आणले. पदवी नाही, परवाना नाही, तरी देशातला नामांकित अभियंता. आपल्या मेस्त्रींना अभिमान वाटावा अशीच ही कथा आहे.

पण ती येथे संपत नाही. त्याने सेंट फ्रान्सिस नावाचे काँक्रीटचे धरण बांधले. १२ मार्च १९२८ रोजी धरणातून गढूळ पाणी झिरपते आहे, अशी वर्दी रखवालदाराने दिली. मुलहॉलंड स्वतः जाऊन पाहून आला आणि काळजीचे कारण नाही असे त्याने सांगितले. त्याच मध्यरात्रीच्या सुमारास धरण फुटले. चारशेहून अधिक माणसे मेली. खालच्या खोऱ्यातल्या बागा आणि शेतमजुरांच्या वस्त्या वाहून गेल्या. म्हाताऱ्या मुलहॉलंडने दोष स्वतःवर घेतला. पायथ्याचा खडक कच्चा असल्याचे पुढे निष्पन्न झाले. धरणाच्या जागेची आणि आराखड्याची त्रयस्थ तज्ज्ञाकडून तपासणी झालीच नव्हती. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, त्या राज्याने स्थापत्य अभियंत्यांची नोंदणी सक्तीची केली आणि धरणांवर सरकारी देखरेख आणली.

यावरून पदवी असती तर धरण टिकले असते, असा अर्थ कोणी काढू नये. पानशेतची आठवण महाराष्ट्र विसरलेला नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. तेथे काम करणारे अभियंते शिकलेले होते. काम पुरे व्हायचे असताना त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले. म्हणजे कागदाने शहाणपण येत नाही. मुलहॉलंडकडे ज्ञान होते, त्याला तपासणारा नव्हता. पानशेतला शिकलेली माणसे होती, पण घाई त्यांच्या पुढे धावली.

मग परवान्याचा उपयोग काय? परवाना हुशारी देत नाही. तो तीन गोष्टी देतो. एक, किमान ज्ञान तपासलेले असते. दोन, कामावर कोणाची सही आहे हे कायमचे नोंदले जाते. तीन, काम वाईट निघाल्यास त्याच्याकडून ती सही काढून घेता येते. थोडक्यात, परवाना म्हणजे शहाणपणाचा दाखला नव्हे; ती जबाबदारीची पावती आहे.

नावापायी दंड

परवान्याचा अतिरेकही होतो, हे सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात मॅट्स यार्लस्ट्रॉम नावाचे गृहस्थ राहतात. स्वीडनमध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले होते. चौकातल्या दिव्यांचा पिवळा प्रकाश किती वेळ राहावा, याचे गणित वळणाऱ्या वाहनांच्या बाबतीत चुकते, असे त्यांनी हिशेब मांडून दाखवले आणि पत्रांत स्वतःला इंजिनिअर म्हटले. तेथील मंडळाने गणित बरोबर की चूक ते न पाहता, परवाना नसताना इंजिनिअर म्हणवून घेतले म्हणून त्यांना ५०० डॉलर दंड केला. ते न्यायालयात गेले. २०१८ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने निकाल दिला की, त्यांना स्वतःला इंजिनिअर म्हणवण्याचा आणि आपला हिशेब लोकांपुढे मांडण्याचा अधिकार आहे.

जर्मनीत इंजिनिअर हे नाव कायद्याने राखलेले आहे. इंग्लंडमध्ये साधे ‘इंजिनिअर’ कोणीही म्हणवून घेतो, ‘चार्टर्ड इंजिनिअर’ मात्र नाही. म्हणजे देशोदेशीचे रिवाज निराळे आहेत. पण बोलणे, सुचवणे आणि चूक दाखवणे यांना परवान्याची अट घातली तर शेतकऱ्याने बंधाऱ्याची गळती दाखवायची तरी कशी? कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आज राज्यभर आहेत. त्यांचा आराखडा अभियंत्याचा. पण पावसाळा सरल्यावर बरगे कधी घालावेत, माती कशी भरावी, पाणी कोठून निसटते, हे तीरावरच्या शेतकऱ्याला अधिक चांगले कळते. त्याचे ऐकणारा अभियंता काही गमावत नाही.

मळणी यंत्राचा धडा

मग रेघ कोठे ओढावयाची? मळणी यंत्राने ती आपल्याला दाखवली आहे. गावोगावच्या मेस्त्रींनी स्वस्त मळणी यंत्रे बनवली आणि शेतकऱ्याची मोठी सोय झाली. नांगराप्रमाणेच यंत्र समोर चालत होते आणि दाणेही चांगले निघत होते. पण पेंढी सरकवण्याचे तोंड आखूड ठेवले की हात आत ओढला जातो, हे विकत घेताना दिसत नाही. ते रात्रपाळीला, झोपेने डोळे जड झाल्यावर दिसते. आणि हात जातो तो बहुधा मालकाचा नव्हे, मजुराचा. कित्येकांचे हात गेल्यावर १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, तो मुख्यतः मळणी यंत्रांसाठी. यंत्र बनवणाऱ्याला परवाना आणि जखमी झालेल्याला भरपाई, असे त्याचे स्वरूप होते.

म्हणून स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. यातला दोष मला आधी दिसेल काय? आणि चुकले तर इजा कोणाला होईल? दोष दिसत असेल आणि नुकसान फक्त माझे असेल, तर चांगला मेस्त्री पुरे. दोष झाकलेला असेल किंवा इजा दुसऱ्याला होणार असेल, तर सही हवी. इंजिनाचा पिस्टन बदलणारा, कुळव-पाभर दुरुस्त करणारा, ट्रॉली जोडणारा यांच्याकडे कागद मागत बसू नये. विजेचा खांब, पाण्याची टाकी, तळ्याचा बांध या ठिकाणी मात्र ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून चालवून घेऊ नये.

एक लहानसा हिशेब

तिसरा प्रकार या दोहोंच्या मध्ये येतो. तेथे जीव जात नाही, पण पैसा वर्षानुवर्षे गळत राहतो. पाइपलाइन हे त्याचे उत्तम उदाहरण. समजा, सेकंदाला १० लिटर पाणी २५ मीटर उंचीवर, ३०० मीटर लांब पाइपातून न्यावयाचे आहे. पाइपात पाणी घासत जाते, त्यासाठी जादा जोर लागतो. पीव्हीसी पाइपाचा आतला व्यास १०० मि.मी. असेल तर हे घर्षण सुमारे ४.५ मीटर उंचीइतके भरते. ८० मि.मी. असेल तर सुमारे १३ मीटर. म्हणजे एकूण उंची एका ठिकाणी २९.५ मीटर आणि दुसऱ्या ठिकाणी ३८ मीटर.

अश्वशक्ती काढण्यासाठी सेकंदाचे लिटर गुणिले एकूण उंची करावे, त्यास ७५ ने भागावे आणि पुन्हा पंपाच्या कार्यक्षमतेने भागावे. कार्यक्षमता ५५ टक्के धरल्यास मोठ्या पाइपाला सुमारे ७.२ अश्वशक्ती लागते, लहान पाइपाला ९.२. पहिल्या ठिकाणी साडेसात अश्वशक्तीची मोटर पुरते, दुसऱ्या ठिकाणी दहाची घ्यावी लागते. हजार तास पंप चालला तर लहान पाइपाने सुमारे १,५०० युनिट वीज जादा खाल्ली. पाइप घेताना वाचलेले पैसे असे निघून जातात.

हा हिशेब ज्याला मांडता येतो आणि जो तुम्हांला समजावून सांगतो, त्याला तुम्ही खुशाल इंजिनिअर म्हणा, मग तो बी.टेक. असो की दहावी झालेला मेस्त्री. आणि कार्डावर चार पदव्या असूनही ‘बसवा साडेसातची, काही होत नाही’ असे तोंडी सांगणारा असेल, तर त्याच्या पदव्यांचा तुम्हांला उपयोग नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी गत व्हावयास नको.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

१) विजेचे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावे. परवाना पाहावयास मागावा, त्याची मुदत पाहावी. अर्थिंग केलेले दाखवून घ्यावे. पंपाच्या लोखंडी अंगाला ओल्या हाताने स्पर्श करावा लागतो, म्हणून येथे ओळख-भिडेला जागा नाही.

२) घराच्या किंवा गोठ्याच्या स्लॅबवर पाण्याची टाकी ठेवण्यापूर्वी बांधकाम अभियंत्याचा लेखी सल्ला घ्यावा. १,००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ५,००० लिटरची टाकी म्हणजे स्लॅबवर कायमचे पाच टन ओझे.

३) शेततळ्याचा बांध किंवा नाल्यावरचा बंधारा यांचा उतार, सांडवा आणि पाण्याच्या पातळीवर सोडावयाची उंची जाणकाराकडून ठरवून घ्यावी. सांडवा कमी पडला तर पाणी बांधावरून जाते आणि मातीचा बांध टिकत नाही. खाली शेजाऱ्याचे घर वा विहीर असेल तर दुप्पट सावध राहावे.

४) उपसा योजना, पाइपलाइन आणि ठिबक संच यांचा आराखडा कागदावर घ्यावा. त्यात पाण्याचा विसर्ग, एकूण उंची, पाइपाचा व्यास आणि पंपाची अश्वशक्ती लिहिलेली असावी. खाली नाव, सही आणि तारीख असावी. कागद देण्यास नकार देणाऱ्यास काम देऊ नये.

५) सामानावर मानक चिन्ह पाहावे. पीव्हीसी पाइपावर आय.एस. ४९८५, ठिबकच्या उपनळीवर आय.एस. १२७८६, पाणबुडी पंपावर आय.एस. ८०३४ असे क्रमांक असतात.

६) मळणी यंत्र किंवा कडबाकुट्टी घेताना पेंढी सरकवण्याचे तोंड लांब आणि झाकलेले आहे का, पट्ट्यावर जाळी आहे का, हे पाहूनच पैसे द्यावेत.

७) सामूहिक योजनेत एकाच माणसाच्या शब्दावर विसंबू नये. आराखडा दुसऱ्या जाणकाराला दाखवावा. तो किती हुशार आहे यापेक्षा तो पहिल्याच्या हिशेबात गुंतलेला नाही, हे महत्त्वाचे.

तरुणांना आणि मेस्त्रींना

शेवटी दोन शब्द तरुणांसाठी. गावातला जो मुलगा मोटर भरतो, स्टार्टर दुरुस्त करतो, ज्याचा हात यंत्रावर बसलेला आहे, त्याने कागदाला कमी लेखू नये. आय.टी.आय. करावे, वायरमनची परीक्षा द्यावी, परवाना काढावा. असा कागद मेस्त्रीपणाचा अपमान करत नाही. उद्या अपघात झालाच तर काम नियमाप्रमाणे केले होते, हे दाखवायला तो उपयोगी पडतो आणि मोठे काम मागायला दारही उघडतो. आणि ज्यांची मुले कृषि अभियांत्रिकीची पदवी घेऊन घरी परत येत आहेत, त्यांनी मुलांना आधी गावातल्या मेस्त्रीच्या शेडमध्ये दोन महिने बसवावे. नटाला किती पिळायचे हे पुस्तक सांगत नाही, आणि नट का तुटला हे नुसता हात सांगत नाही. दोघांनी एकमेकांकडून शिकले तर गावाचे काम होते.

शेतकऱ्याने कोणाच्याही पदवीपुढे दबू नये आणि कोणाच्या साधेपणाला हसू नये. हिशेब मागावा, काम पाहावे, आणि जेथे दुसऱ्याचा जीव गुंतला आहे तेथे सही घेतल्याशिवाय पाऊल उचलू नये. ‘इंजिनिअर’ हे नाव ज्याचे त्याने लावावे. जबाबदारी कोणाची, हे मात्र काम सुरू होण्यापूर्वी कागदावर असावे.